ज्याला फुटबॉलमधून आयुष्यभरासाठी हाकललं, त्यानंच आर्सेनलला आर्सेनल बनवलं

लंडनच्या भुयारी रेल्वेत पिकॅडिली लाइनवर एक स्टेशन आहे. नाव, आर्सेनल.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? विशेष असं की फुटबॉल क्लबचं नाव मिळालेलं लंडनच्या भुयारी रेल्वेतलं हे एकमेव स्टेशन. बाकीच्या क्लबांची नावं त्यांच्या एरियावरून पडली, इथं स्टेशनचं नाव क्लबवरून पडलं. या स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर गेलात तर भिंतीवरच्या टाइल्समध्ये आजही जुनं नाव दिसतं, गिलेस्पी रोड.

हे नाव बदललं १९३२ साली. तेव्हा नाव बदलायचं म्हणजे नकाशे बदला, तिकिटं बदला, तिकिटांची मशीन बदला, असा सगळा कुटाणा होता. रेल्वेवाल्यांना हे नको होतं. पण एक माणूस त्यांच्या मागं हात धुवून लागला होता. रोज हजारो लोक ज्या स्टेशनवरून जातात, तिथं आपल्या क्लबचं नाव फुकटात झळकलं तर यापेक्षा भारी जाहिरात कुठली, एवढा साधा त्याचा हिशोब.

त्या माणसाचं नाव हर्बर्ट चॅपमन. आर्सेनलचा मॅनेजर.

आज टीव्हीवर मॅच बघताना मॅनेजर नावाचा जो माणूस टचलाइनवर हातवारे करत उभा असतो, तो टीम निवडतो, डावपेच आखतो, हरला की त्याची नोकरी जाते, हे सगळं आपल्याला नॉर्मल वाटतं. पण शंभर वर्षांपूर्वी तसं नव्हतं. मॅनेजरला ही किंमत ज्यांनी मिळवून दिली, त्यात सगळ्यात वरचं नाव चॅपमनचं आहे. आणि गंमत म्हणजे याच गड्याला एकदा फुटबॉलमधून कायमचं बाहेर काढलं होतं.

तर ही गोष्ट सुरु होते कोळशाच्या खाणीपासून.

१९ जानेवारी १८७८. इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये शेफिल्डजवळ किव्हिटन पार्क नावाचं एक छोटं गाव आहे. तिथं एका खाण कामगाराच्या घरात हर्बर्टचा जन्म झाला. घरात पोरांची रांग. अशा गावात पोरगं मोठं झालं की बापामागोमाग खाणीत उतरायचं, हे ठरलेलं. पण हर्बर्ट अभ्यासात हुशार निघाला. शेफिल्डला जाऊन तो खाण अभियांत्रिकी शिकला. म्हणजे बाप खाणीत कोळसा फोडायचा आणि पोरगा इंजिनिअर झाला. एका पिढीत एवढी उडी त्या काळात लय मोठी होती.

बरं, घरात फुटबॉलचं वेड होतंच. त्याचा धाकटा भाऊ हॅरी तर स्टार होता. शेफिल्डच्या वेन्सडे क्लबकडून हॅरीनं १९०३ आणि १९०४ अशा दोन लीग जिंकल्या, १९०७ चा एफए कपही जिंकला.

आणि हर्बर्ट? तो खेळाडू म्हणून साधाच होता. रॉचडेल, ग्रिम्सबी, स्विंडन, वर्कसॉप, नॉर्थम्प्टन, शेफिल्ड युनायटेड, नॉट्स काउंटी, टॉटनहॅम… एसटीचे स्टॉप मोजावेत तसे क्लब झाले त्याचे. कुठंच फार टिकला नाही. लोकांच्या लक्षात राहिला तो त्याच्या बुटांमुळं. सगळे काळे-तपकिरी बूट घालून खेळायचे, तेव्हा हा पठ्ठ्या पिवळेधमक बूट घालून मैदानात उतरायचा.

१९०७ साली टॉटनहॅमकडून खेळायचे दिवस संपत आले. हातात इंजिनिअरिंग होतं, त्यामुळं पोटापाण्याची चिंता नव्हती. तेवढ्यात त्याचा टीममधला सोबती वॉल्टर बुल याला नॉर्थम्प्टन टाउन क्लबनं मॅनेजर व्हायला विचारलं. बुलनं नकार दिला आणि चॅपमनचं नाव पुढं केलं.

नॉर्थम्प्टनची अवस्था काय होती? सदर्न लीगमध्ये सलग दोन वर्षं तळाला. त्या काळी बहुतेक टीम मैदानात उतरायच्या आणि ज्याला जसं सुचेल तसं खेळायच्या. डावपेच वगैरे भानगड नव्हती. चॅपमन इंजिनिअरच्या डोक्यानं विचार करायला लागला. त्याच्या लक्षात आलं की सतत हल्ला करत राहिलं की समोरच्या टीमचे सगळे खेळाडू गोलपुढं गर्दी करतात आणि जागाच मिळत नाही. त्यापेक्षा थोडं मागं यायचं, समोरच्याला पुढं येऊ द्यायचं आणि तो उघडा पडला की पटकन घुसायचं. आज आपण ज्याला काउंटर अटॅक म्हणतो तेच हे.

१९०९ मध्ये तीच तळातली नॉर्थम्प्टन सदर्न लीगची चॅम्पियन झाली.

१९१२ मध्ये त्याला लीड्स सिटीनं बोलावलं. सेकंड डिव्हिजनमधला धडपडणारा क्लब. गाडी रुळावर येत होती, पण १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरु झालं आणि सगळं विस्कटलं. खेळाडू सैन्यात गेले. चॅपमननं लीड्सजवळ बार्नबोच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात व्यवस्थापकाची नोकरी धरली. क्लबचं रोजचं काम बाकीचे लोक बघू लागले.

आणि इथंच माशी शिंकली.

युद्धाच्या काळात लीगचा नियम होता की पाहुणे खेळाडू खेळवा, पण त्यांना पगार द्यायचा नाही. युद्ध संपल्यावर क्लबच्याच एका खेळाडूचं पगारावरून वाजलं आणि लीड्स सिटीनं युद्धकाळात गुपचूप पैसे वाटले असा आरोप वर गेला. चौकशी बसली. क्लबला हिशोबाच्या वह्या आणून द्या असं सांगण्यात आलं. क्लबनं त्या दिल्याच नाहीत.

झालं. ऑक्टोबर १९१९ मध्ये, सिझनच्या फक्त ८ मॅच झालेल्या असताना लीड्स सिटीला लीगमधून हाकलण्यात आलं. क्लबच बरखास्त झाला. लीड्सच्या मेट्रोपोल हॉटेलमध्ये खेळाडूंचा अक्षरशः लिलाव झाला. बाजारात जनावरं विकावीत तसे खेळाडू एका दिवसात वेगवेगळ्या क्लबांना विकले गेले. आज जो लीड्स युनायटेड आपण ओळखतो, तो या राखेतून नंतर उभा राहिलेला क्लब.

क्लबच्या पाच जणांवर फुटबॉलमध्ये काम करायची आजन्म बंदी आली. त्यातलं एक नाव हर्बर्ट चॅपमन.

चॅपमननं १९१८ च्या शेवटीच लीड्स सिटीचा राजीनामा दिला होता आणि यॉर्कशायरमधल्याच सेल्बी गावात तेलाच्या एका कंपनीत नोकरी धरली होती. १९२० च्या ख्रिसमसच्या सुमारास तीही गेली. वय ४२. संसार पाठीशी, हातात काम नाही, आणि ज्या धंद्यात नाव कमावलं त्याचं दार कायमचं बंद.

इथं दुसरा कुणी असता तर गप गुमान इंजिनिअरिंग करत बसला असता. पण शेजारच्या हडर्सफिल्डमध्ये एक वेगळंच नाटक होऊन गेलं होतं.

हडर्सफिल्ड टाउन हा क्लबही १९१९ ला बुडायला आला होता. मालकानं ठरवलं की क्लब उचलायचा आणि थेट लीड्सला न्यायचा, कारण लीड्स सिटीचं मैदान मोकळं पडलं होतं. हडर्सफिल्डच्या लोकांचं डोकं सरकलं. त्यांनी वर्गणी गोळा केली, पैसे उभे केले आणि आपला क्लब आपल्या गावातच ठेवला. त्याच सिझनमध्ये टीम फर्स्ट डिव्हिजनला पोचली आणि एफए कपच्या फायनललाही गेली.

या क्लबनं चॅपमनच्या बाजूनं भांडायचं ठरवलं. मुद्दा असा होता की ज्या काळात पैसे वाटल्याचा आरोप आहे, त्या काळात हा माणूस दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करत होता. मग त्याला शिक्षा कशाची? हे म्हणणं मान्य झालं आणि बंदी उठली. १९२१ मध्ये चॅपमन हडर्सफिल्डचा मॅनेजर झाला.

आता खरं सांगायचं तर चॅपमनला काहीच माहिती नव्हतं का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. हिशोबाच्या वह्या कधी बाहेर आल्याच नाहीत, त्यामुळं त्याचं उत्तरही कधी मिळालं नाही. पण त्याला दुसरी संधी मिळाली आणि त्या संधीचं त्यानं सोनं केलं, एवढं मात्र नक्की.

हडर्सफिल्डला त्यानं एक अट पाळून घेतली, टीम मी निवडणार. तोवर बहुतेक क्लबांत डायरेक्टर मंडळी मीटिंग घेऊन टीम ठरवायची. मॅनेजर म्हणजे पत्रव्यवहार बघणारा सेक्रेटरी. चॅपमननं हे उलटं केलं. सीनियर टीम ज्या पद्धतीनं खेळते त्याच पद्धतीनं ज्युनियर टीमही खेळली पाहिजे, हा नियम केला. म्हणजे एक खेळाडू जखमी झाला तर दुसरा आणून बसवायचा, मशीनचा पार्ट बदलावा तसा. इंजिनिअरचं डोकं, दुसरं काय.

१९२२ ला हडर्सफिल्डनं एफए कप जिंकला. आणि १९२४ ला लीग. ही लीग कशी जिंकली ते बघण्यासारखं आहे.

शेवटच्या दिवशी हडर्सफिल्ड आणि कार्डिफ सिटी दोघांचेही ५७ पॉइंट्स झाले. कार्डिफला शेवटच्या मॅचमध्ये पेनल्टी मिळाली होती, ती त्यांनी घालवली. मग निकाल लावायला गोलची सरासरी काढली. केलेल्या गोलला खाल्लेल्या गोलनं भागायचं, असा तेव्हाचा नियम. हडर्सफिल्ड ६० भागिले ३३. कार्डिफ ६१ भागिले ३४. फरक पडला ०.०२४ चा, आणि लीग हडर्सफिल्डची झाली.

आजचा गोल डिफरन्सचा नियम लावला तर? दोघांचा फरक येतो २७. मग जास्त गोल कुणी केले ते बघतात, म्हणजे ६१ वाली कार्डिफ चॅम्पियन. पण नशीब चॅपमनच्या बाजूनं होतं.

१९२५ ला हडर्सफिल्डनं परत लीग जिंकली. आता तिसऱ्यांदा जिंकली की हॅटट्रिक, जी इंग्लंडमध्ये तोवर कुणीच केली नव्हती. आणि नेमकं तेव्हाच चॅपमननं हडर्सफिल्ड सोडलं.

कारण होती पेपरातली एक जाहिरात. लंडनच्या आर्सेनलचा चेअरमन सर हेन्री नॉरिस मॅनेजर शोधत होता. खेळाडूंवर वारेमाप पैसा उधळणाऱ्यांनी अर्जच करू नये, अशा अर्थाची ती जाहिरात होती. पगार होता वर्षाला २००० पौंड. हडर्सफिल्डपेक्षा कितीतरी जास्त.

आर्सेनल म्हणजे शस्त्रागार. १८८६ साली लंडनच्या वुलिच भागातल्या शस्त्रांच्या कारखान्यातल्या कामगारांनी सुरु केलेला हा क्लब १९१३ ला उत्तर लंडनच्या हायबरीत आला होता. पण १९२५ पर्यंत त्यांनी एकही मोठी ट्रॉफी जिंकली नव्हती. त्या सिझनला २२ टीममध्ये त्यांचा नंबर होता २० वा. पहिल्या नंबरची टीम सोडून माणूस विसाव्या नंबरच्या टीमकडं निघाला होता.

त्याच उन्हाळ्यात फुटबॉलचा ऑफसाइडचा नियम बदलला. पूर्वी बॉल पुढं दिला त्या क्षणी हल्ला करणारा खेळाडू आणि गोललाइन यांच्या मध्ये विरोधी टीमचे किमान तीन जण लागायचे, आता दोन पुरेसे झाले. मग काय, गोलचा पाऊस पडायला लागला. लीगच्या सगळ्या डिव्हिजन मिळून आदल्या सिझनला ४७०० गोल झाले होते, ते एकदम ६३७३ वर गेले.

आर्सेनलही या पावसात वाहून गेली. ३ ऑक्टोबर १९२५ ला न्यूकॅसलनं त्यांना ७-० नं धुतलं. टीमचा कॅप्टन चार्ली बुकन अनुभवी माणूस होता. मधल्या फळीतल्या सेंटर हाफला मागं खेचून बचावात उभं करा, असं त्याचं म्हणणं होतं. चॅपमनचा मोठेपणा असा की खेळाडूचं म्हणणं त्यानं ऐकून घेतलं. दोनच दिवसांनी वेस्ट हॅमविरुद्ध टीम नव्या पद्धतीनं उतरली आणि ४-० नं जिंकली.

पुढं हीच पद्धत घोटून घोटून त्यानं पक्की केली. मागं तीन, मग दोन, पुन्हा दोन आणि पुढं तीन. कागदावर काढलं की वर डब्ल्यू आणि खाली एम दिसायचा, म्हणून नाव पडलं डब्ल्यूएम. पुढची पंचवीस-तीस वर्षं जगातल्या असंख्य टीम याच पद्धतीनं खेळल्या.

पण ट्रॉफी लगेच आली नाही. १९२७ च्या एफए कप फायनलमध्ये गोलकीपर डॅन लुईसच्या हातून बॉल निसटला आणि कप कार्डिफनं नेला. म्हणजे तीन वर्षांपूर्वीचा हिशोब त्यांनी चुकता केला. त्याच वर्षी क्लबच्या पैशांच्या व्यवहाराची चौकशी झाली आणि चेअरमन नॉरिसवर बंदी आली. लीड्सचं भूत परत मानगुटीवर बसतंय की काय अशी वेळ होती. पण यावेळी चॅपमन वाचला. नॉरिस गेला आणि मग चॅपमनला अडवणारं कुणी उरलं नाही.

आता त्यानं खर्चाला सुरुवात केली. १९२८ ला बोल्टनचा डेव्हिड जॅक घेतला, किंमत १०,८९० पौंड. फुटबॉलमध्ये दहा हजारांच्या वरचा हा पहिला सौदा. या सौद्याची एक गोष्ट त्याचा सहाय्यक बॉब वॉल यानं पुढं सांगितली. बोल्टनचे लोक हॉटेलात बोलणी करायला यायच्या आधी चॅपमननं वेटरला पटवून ठेवलं. पाहुण्यांना जिन डबल द्यायची आणि चॅपमनच्या ग्लासात जिनचा थेंबही घालायचा नाही. पाहुणे रंगात आले आणि भाव खाली आला.

नंतर आला ॲलेक्स जेम्स. ढगळ हाफ पँट घालणारा बुटका स्कॉटिश जादूगार. तेव्हा नियमानं खेळाडूला आठवड्याला ८ पौंडांपेक्षा जास्त पगार देता यायचा नाही. मग जेम्सला लंडनच्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात खेळाच्या साहित्याच्या जाहिरातीची वेगळी नोकरी मिळाली. नियमही मोडला नाही आणि गडीही खुश. एक्सेटरवरून क्लिफ बॅस्टिन नावाचं सतरा वर्षांचं पोरगं उचललं, केटरिंगवरून दूध विकणारा एडी हॅपगुड आणला. पुढं हाच दूधवाला इंग्लंडचा कॅप्टन झाला.

२६ एप्रिल १९३०. वेम्बली. एफए कपची फायनल. समोर कोण? हडर्सफिल्ड टाउन.

एका टीमला त्यानं मोठं केलं होतं, दुसरीला तो मोठं करत होता. त्याच्या मानाखातर दोन्ही टीम शेजारी-शेजारी चालत मैदानात आल्या. आज प्रत्येक फायनलला दिसणारी ही प्रथा फायनलमध्ये तेव्हा पहिल्यांदा दिसली. मॅच चालू असताना जर्मनीचं ग्राफ झेपेलिन हे अवाढव्य हवाई जहाज स्टेडियमवरून गेलं. आर्सेनल २-० नं जिंकली. क्लबची पहिली मोठी ट्रॉफी.

त्यानंतर आर्सेनल थांबली नाही. १९३१ ला लीग, तीही १२७ गोल ठोकून. लंडनच्या क्लबनं लीग जिंकायची ही पहिलीच वेळ. १९३३ ला परत लीग.

पण सगळ्यांना हे आवडत होतं असं नाही. मंदीचा काळ होता. उत्तर इंग्लंडमध्ये खाणी आणि गिरण्यांतले कामगार बेकार बसले होते आणि लंडनचा हा क्लब हजारोंनी पौंड मोजत होता. बँक ऑफ इंग्लंडचा क्लब म्हणून लोक टोमणे मारायचे. खाण कामगाराचं पोरगंच हे करत होतं, हे त्यातलं दुखणं.

आणि चॅपमन कडकही होता. जानेवारी १९३३ ला एफए कपमध्ये थर्ड डिव्हिजनच्या वॉल्सॉलनं आर्सेनलला २-० नं हरवलं. पेनल्टी देऊन बसलेल्या टॉमी ब्लॅकला त्यानं आठवड्याच्या आत प्लिमथला विकून टाकलं.

याच काळात त्याच्या डोक्यातून एकेक कल्पना निघत होती. लाल जर्सीला पांढऱ्या बाह्या त्यानंच लावल्या, १९३३ ला. खेळाडूंच्या पाठीवर नंबर लावून १९२८ ला टीम उतरवली. लीगला ते पटलं नाही. परदेशात दिव्यांच्या उजेडात मॅच बघून आला आणि हायबरीत दिवे बसवले, तर अधिकृत मॅचला परवानगी नाही. ४५ मिनिटांचं मोठं घड्याळ लावलं, फुटबॉल असोसिएशन म्हणाली काढा. मग साधं घड्याळ बसवलं आणि पुढं घड्याळामुळंच एका स्टँडचं नाव क्लॉक एंड पडलं. यातल्या नंबर आणि दिव्यांशिवाय आज आपण मॅचची कल्पनाच करू शकत नाही.

डिसेंबर १९३३ संपला तेव्हा आर्सेनल लीगमध्ये पहिल्या नंबरला होती. सलग दुसरी लीग समोर दिसत होती.

नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी चॅपमन एक मॅच बघायला बरीला गेला. दुसऱ्या दिवशी शेफिल्डला, कारण शनिवारी शेफिल्ड वेन्सडेशी गाठ होती. थंडी कडाक्याची. सर्दी-ताप घेऊनच तो लंडनला परतला. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. यानं ऐकलं नाही, ज्युनियर पोरांची मॅच बघायला तो गिल्डफर्डला गेला.

सर्दीचा न्यूमोनिया झाला. पेनिसिलिनचा शोध त्याच लंडन शहरात १९२८ ला लागला होता, पण ते औषध म्हणून रुग्णांपर्यंत पोचायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. ६ जानेवारी १९३४ च्या पहाटे हेन्डनमधल्या राहत्या घरी हर्बर्ट चॅपमन गेला. वय अवघं ५५.

तो शनिवार होता. दुपारी हायबरीवर वेन्सडेविरुद्धची मॅच झाली. मॅनेजर गेल्याची बातमी पचवून आर्सेनलचे खेळाडू मैदानात उतरले. मॅच १-१ बरोबरीत सुटली.

१९३४ ची लीग आर्सेनलनं जिंकली. १९३५ ची पण जिंकली. म्हणजे हॅटट्रिक झाली.

आता जरा मागं जाऊ. चॅपमन सोडून गेल्यावर हडर्सफिल्डनं १९२६ ची लीग जिंकून सलग तीनची हॅटट्रिक केली होती. इंग्लंडच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक हडर्सफिल्डची, दुसरी आर्सेनलची. दोन्ही टीम चॅपमननं उभ्या केलेल्या. आणि दोन्ही वेळा शेवटची ट्रॉफी उचलायला तो तिथं नव्हता. पहिल्यांदा स्वतःहून निघून गेला, दुसऱ्यांदा मरणानं नेला.

आज एमिरेट्स स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा आहे. हेन्डनच्या त्याच्या घरावर २००५ साली निळी पाटी लागली. लंडनमध्ये थोरामोठ्यांच्या घरांवर लागते ती पाटी, आणि फुटबॉल मॅनेजरला ती मिळायची ती पहिलीच वेळ.

आणि लीड्स सिटीच्या त्या वह्या? त्या अजूनही कुणाला बघायला मिळालेल्या नाहीत. पण १९२१ साली हडर्सफिल्डनं या बदनाम, बेकार माणसासाठी भांडण केलं नसतं, तर रात्री जागून आपली पोरं पांढऱ्या बाह्यांची लाल जर्सी घालून जी मॅच बघतात, ती जर्सी तशी नसती. आणि गिलेस्पी रोड स्टेशनचं नावही बहुतेक गिलेस्पी रोडच राहिलं असतं.